वारा लागला असं सांगायचं

३ सप्टेंबर

आजपासून मी शिक्षिका. घरी आल्यापासून कानात फक्त रडणं आहे. पाळणाघरातली दीड-दोन वर्षांची मुलं, आईच्या गळ्यातून सोडवून आमच्या गळ्यात दिलेली. एकाला खाली ठेवलं की दुसरं हात वर करतं. दुपारपर्यंत माझ्या एका खांद्यावर शेंबूड आणि दुसऱ्यावर केळं.

वर्गावर माझ्याबरोबर ब्लाझेन्का आहेत. पेन्शनला दोन वर्षं उरली आहेत. मी त्यांना "श्रीमती ब्लाझेन्का" अशी हाक मारली तर म्हणाल्या, "श्रीमती माझी सासू होती, देव तिला वरच सुखात ठेवो. मला मावशी म्हण." मुलं इथे सगळ्यांनाच मावशी म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आईने ती बैठकीच्या खोलीत क्रूसाच्या शेजारी टांगली आहे आणि तिच्यावर 'शिक्षिका' असं लिहिलेलं आहे. मावशी नाकं पुसते, शिक्षिका माणूस घडवते, असं मी ब्लाझेन्कामावशींना समजावून सांगितलं.

"घडव, पिल्ला, घडव," त्या म्हणाल्या. "पण आधी मिर्ताचं डायपर बदल. वास येतोय."

११ सप्टेंबर

आज फक्त चौघं रडली. मिर्ता मात्र दिवसभर कडेवर. वर्गात सगळ्यात जड तीच, आणि सगळ्यात हट्टी. "वर! वर!" एवढा एकच शब्द तिला येतो.

ब्लाझेन्कामावशींना बाहेरची झाडं फार आवडतात असं दिसतं. दर थोड्या वेळाने खिडकीपाशी जातात, दोन्ही हात कठड्यावर टेकवतात आणि बाहेर बघत राहतात. इतकी वर्षं तीच ती झाडं बघूनही कंटाळा आलेला नाही, हे मला सुंदर वाटलं.

२२ सप्टेंबर

आज कळलं की त्या झाडं बघत नव्हत्या.

जेवणानंतर आम्ही मुलांच्या छोट्या खाटा मांडतो. त्या एकावर एक रचलेल्या असतात. ब्लाझेन्कामावशी खालची खाट ओढायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. चेहरा पिठासारखा पांढरा. मी धावले तर हाताने थांबवलं. "काही नाही गं. वारा लागला. कुणी मेलं ते दार आणि खिडकी एकदम उघडी ठेवली?"

मग सगळ्या बायका वारा शोधू लागल्या. स्वयंपाकीण मारा खिडक्या लावत सुटली. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी लोकरीचा पट्टा आणून मावशींच्या कमरेला बांधला. "बनियन आत खोचत जा म्हणून किती वेळा सांगितलं!" "परवा मलाही मानेला लागला होता." उन्हाळा अजून सरला नाही, बाहेर मक्याची पानं हलत नव्हती, आणि या सगळ्या वाऱ्याला शिव्या देत होत्या.

मी शरीरशास्त्र शिकले आहे. मी म्हटलं, "हे वाऱ्याने होत नाही. हे उचलण्याने होतं. वाकण्याने. दिवसभर आपण काय करतो ते बघा ना."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी काही तरी घाणेरडं बोलल्यासारख्या.

"म्हणजे पोरांमुळे?" ब्लाझेन्कामावशी म्हणाल्या. "डॉक्टरकडे जाऊन काय सांगू, या एवढ्याशा जिवांनी माझी पाठ मोडली म्हणून? लाज नाही वाटणार? आणि एकदा पाठ गेली म्हटलं की मला इथे बसवणार कुठे? इथल्या खुर्च्या तर मांजराच्या मापाच्या." मग हळू आवाजात, "दोनच वर्षं आहेत गं. नेते ओढून."

त्या दोन वर्षांसाठी मी काही तरी करू शकते, असं मला तेव्हाच वाटलं. नुसत्या कळवळ्याने काय होतं? ज्ञान कशासाठी घेतलं मग?

७ ऑक्टोबर

उमेदवारी संपताना परीक्षेसाठी एक उपक्रम करावा लागतो. माझा ठरला. पाठ! लहान मुलांना सांभाळणाऱ्या बायकांची पाठ. इतरांनी बाहुलीनाट्य नाहीतर पानाफुलांचे हार घेतले आहेत.

आमच्या मुख्याध्यापिका विश्न्याबाई यांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "खर्च नाही ना काही? मग फारच उत्तम!" त्यांचा एवढा पाठिंबा मिळेल असं वाटलं नव्हतं. वर्गाला तिसरी बाई मिळावी असंही मी सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "आधी आहोत त्या तरी नीट वाकायला शिकू." खरं आहे. सुरुवात स्वतःपासून करावी.

१९ ऑक्टोबर

आज मुलं घरी गेल्यावर सगळ्यांना बसवून शिकवलं. एक गुडघा जमिनीवर. मूल छातीशी घ्यायचं, मग उठायचं, कंबर न वळवता. आणि शक्यतो उचलायचंच नाही, मुलाला स्वतः चढू द्यायचं. मी चित्रं काढून नेली होती. बाबा लाकडी फरशांच्या कारखान्यात आहेत. त्यांनी ओकच्या उरलेल्या फळ्यांतून तीन पायऱ्यांची छोटी शिडी केली, दोन्ही बाजूंना कठडा, कडा अशा घासलेल्या की गालावरून फिरवाव्यात. ती डायपर बदलायच्या टेबलाला लावली की मूल आपलं आपण चढतं.

ब्लाझेन्कामावशी भिंतीला टेकून उभ्याच होत्या, खुर्च्या रिकाम्या असूनही. "माझा गुडघा खाली गेला की वर यायला त्याला पाहुण्यासारखं बोलवावं लागतं," त्या म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. पण नंतर शिडीवरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. "तुझ्या बापाला सांग, हात सोन्याचे आहेत."

३० ऑक्टोबर

मिर्ता चढली! पहिले तीन दिवस शिडीपाशी बसून भोकाड पसरलं. आज एकटीने वर गेली, टेबलावर उभी राहिली आणि आम्ही जणू तिथे नव्हतोच अशा तोऱ्यात टाळ्या वाजवल्या. ब्लाझेन्कामावशींनी दिवसभरात फारच थोड्या वेळा उचललं असेल. दुपारी खिडकीपाशी गेल्या नाहीत.

माझी गादी बदलायला हवी. सकाळी मोजे घालायला फार वेळ लागतो.

२ नोव्हेंबर

काल सर्व संतांचा दिवस. स्मशानात शेवंतीच्या कुंड्या वाहून वाहून कंबर आखडली. आजोबांच्या कबरीपाशी गुडघे टेकले ते उठायला बाबांचा हात धरावा लागला. आई म्हणाली, "वारा होता तिथे." मी तिला समजावत बसले नाही.

१८ नोव्हेंबर

सुरक्षा तपासणारे एक गृहस्थ आले होते. शिडी हलवून पाहिली, ती हलली नाही. कठडा ओढून पाहिला, तो निघाला नाही. "सुंदर काम आहे," म्हणाले. "प्रमाणपत्र कुठाय?"

प्रमाणपत्र कसं असेल? ती बाबांनी केली आहे.

शिडी आता तळघरात, बॉयलरच्या खोलीत. विश्न्याबाई म्हणाल्या की प्रमाणपत्राची शिडी नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मागवू. तोपर्यंत न उचलण्याचा नियम मात्र तसाच राहील. त्यांनी माझं मोठं चित्र चौकट करून दाराशीच लावलंय, पालकांना दिसेल असं. वर ठळक अक्षरांत, 'आमच्याकडे मुलांना उचललं जात नाही'. एका मुलीचे वडील ते वाचून म्हणाले, "मग आत कशी येतात? नदीतून वाहत?" मला त्यांचा राग आला. नवीन गोष्टीला लोक आधी हसतातच.

बाबांना मी शिडीचं अजून सांगितलेलं नाही.

७ डिसेंबर

काल संत निकोलाचा दिवस झाला. खिडकीत छोटे छोटे बूट, त्यांत संत्री. एवढंच छान.

शेजारच्या वर्गातल्या बाई नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेल्या. त्यांच्या जागी कुणी येणार नाही. त्यांच्या वर्गातली मुलं बाकीच्या वर्गांत वाटली आणि आमच्या वाट्याला तीन आली. ब्लाझेन्कामावशी मिर्ताला टेबलापाशी घेऊन उभ्या होत्या. मिर्ताचे हात वर.

"आता सांग, शिक्षिकाबाई. ही वर कशी जायची? उडत?"

"गुडघा टेकवून, मावशी. छातीशी धरून."

"आणि तेवढ्यात ते दोघं एकमेकांना चावतायत त्यांचं काय?"

मी दोघांना सोडवायला गेले. वळून पाहिलं तर मिर्ता टेबलावर होती.

१५ जानेवारी

काल रात्री लिहायला जमलं नाही.

काल नाश्त्यानंतर मिर्ता भिजलेली होती, रडत होती. ब्लाझेन्कामावशींनी गुडघा टेकवला. अगदी मी शिकवलं तसा. तिला छातीशी घेतलं आणि उठल्या. मग एक बारीक आवाज आला. ओरडणं नव्हे, श्वास अडकल्यासारखा. त्या तशाच उभ्या, मूल पुढे धरलेलं.

"घे हिला," त्या म्हणाल्या. "लवकर घे."

मी मिर्ताला घेतलं. तेव्हाच त्या खाली बसल्या, बसल्या म्हणजे पडल्याच. मूल सुरक्षित होईपर्यंत पडल्या नाहीत. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली, एकाने त्यांच्या पोटावर आपला ससा ठेवला.

रुग्णवाहिकेतून मीही गेले. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची. तिने विचारलं, "काय झालं, आजी? कशाने झालं?"

ब्लाझेन्कामावशींना बोलवत नव्हतं, ओठ काळे पडले होते. तरी म्हणाल्या, "काही नाही पोरी. वारा लागला."

डॉक्टरने तसं टिपून घेतलं. मला त्या स्थितीतही हसू आलं. असल्या वेदनेतही वारा! मी मध्ये बोलले नाही. त्यांना धीर देणं महत्त्वाचं होतं, वाद घालणं नव्हे.

२ फेब्रुवारी

ब्लाझेन्कामावशींचा फोन आला. मणक्याची गादी सरकली आहे, एका पायात बधिरपणा. ही दुखापत कामावर झाली असं मान्य झालं तर पूर्ण पगार मिळेल आणि पेन्शनपर्यंत जागा शाबूत राहील. नाही झालं तर लांबलचक आजारपण, मग डॉक्टरांची कमिटी, मग काय ते दिसतंच आहे. साक्षीला मी एकटीच.

"वाढवू नको, कमी करू नको. पाहिलंस ते सांग, पिल्ला."

"खरं तेच सांगेन, मावशी. अगदी खरं."

९ फेब्रुवारी

विश्न्याबाईंनी बोलावलं. विम्याचे एक गृहस्थही होते, सौम्य, खोकणारे. त्यांनी विचारलं, उचललं होतं का? मी म्हटलं, हो, माझ्या डोळ्यांसमोर. ते म्हणाले, "इथे उचलायला मनाई आहे ना? दारातच लिहिलंय." मी म्हटलं, हो. "त्यांना माहीत होतं?" मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे, मी स्वतः शिकवलं, त्या दिवशी त्याही हजर होत्या.

"तू शिकवलंस?" त्यांनी कौतुकाने पाहिलं. "या वयात! छान."

त्यावर मी योग्य पद्धतीविषयी थोडं अधिक सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेर पडताना हलकं वाटलं. मावशींनी उचललं होतं हे आता कुणी नाकारू शकत नाही.

१६ फेब्रुवारी

कार्निव्हलसाठी माराने जॅम भरलेल्या क्राफ्ना तळल्या. मुलं मधमाश्या झाली होती. माझा पाय सारखा झोपतो. बसमध्ये मी हल्ली उभीच राहते, तेवढाच व्यायाम.

६ मार्च

मान्य झालं नाही.

दोन कारणं दिली आहेत. डॉक्टरकडे पहिल्याच दिवशी त्या स्वतः म्हणाल्या की वारा लागला. आणि समजा उचलण्याने झालं असेलही, तर उचलणं संस्थेच्या नियमाविरुद्ध होतं, आणि त्यांना रीतसर प्रशिक्षण दिलेलं होतं.

मी धावतच विश्न्याबाईंकडे गेले. "पण शिडी काढून नेली होती! न उचलता करणार काय होत्या?"

"हे तू त्या दिवशी बोलली नाहीस."

"मला विचारलंच नाही."

"मग मी विचारायला हवं होतं का?" त्या चिडल्या नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. "तिहाना, बस जरा. मान्य झालं असतं तर उद्या प्रत्येक वर्गातून एकेक पाठ निघाली असती. मी मुलं कुठे ठेवू? गावात दुसरं पाळणाघर आहे का? तुझा उपक्रम उत्तम आहे. त्याला असं वळण देऊ नकोस."

मी म्हटलं, मला पुन्हा साक्ष द्यायची आहे. त्यांनी विम्याच्या कचेरीचा नंबर दिला. तिथल्या बाईने सांगितलं की पहिली साक्ष तीच साक्ष, आणि ती फार स्पष्ट आहे.

मी खोटं काहीच बोलले नव्हते. हे मी सकाळपासून स्वतःला सांगते आहे.

२१ मार्च

परीक्षा उत्तीर्ण. परीक्षकांनी पाठीच्या उपक्रमाचं खास नाव घेतलं, बाकीच्या पाळणाघरांतही हा न्यावा म्हणाले. त्यांच्यासमोर मी शिडीचं सांगितलं, तिसऱ्या बाईचं सांगितलं, नियम आणि माणसं यांतलं अंतर सांगितलं. एक परीक्षक म्हणाल्या, "तरुणांमध्ये ही तळमळ हवीच," आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

घरी आईने अक्रोडाचा केक केला होता. सकाळी निघताना मला बुटाच्या नाड्या बांधता आल्या नाहीत. आईने खाली बसून बांधल्या. ती बेकन-सॉसेजच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून म्हातारी झाली. नाड्या ओढताना ती वर न बघताच म्हणाली, "लेका, तुला शिकवलं ते हे वाकणं सुटावं म्हणून." लाड करताना ती मला लेका म्हणते. मी म्हटलं, "परीक्षेची धास्ती आहे गं, बाकी काही नाही." तिने ड्रॉवरमधून आपला लोकरी पट्टा काढून माझ्या पिशवीत टाकला.

१२ एप्रिल

कमिटीने ठरवलं की ब्लाझेन्कामावशी उचलण्याचं काम करू शकत नाहीत. पाळणाघरात दुसरं काम नाही. महिनाअखेर त्यांची नोकरी संपेल. पेन्शन कमी मिळेल आणि उशिरा मिळेल.

विश्न्याबाईंनी मला कायम केलं. ब्लाझेन्कामावशींच्याच जागेवर. "आनंद नाही झाला?" त्यांनी विचारलं. मी आभार मानले. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नाही. कायम झालेल्या मुली आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बाकीच्या डब्लिनहून फोन करतात.

मावशींच्या कपाटातली चप्पल, एप्रन आणि कुणा मुलाने दिलेला मातीचा साप मी एका पिशवीत भरला.

२० एप्रिल

आज पिशवी द्यायला गेले. बंधाऱ्यावरून दोन फेऱ्या मारल्या, सावा नदीचं पाणी चढलेलं आहे, मग दार वाजवलं.

दार उघडायला त्यांना वेळ लागला. बारीक झाल्या आहेत. घरात सगळं नीट, फक्त खालच्या फळ्यांवर धूळ.

"ये, पिल्ला. कायम झालीस ना? माराने सांगितलं. बरं झालं. दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर मला वाईट वाटलं असतं."

मला वाटत होतं त्या दार लावून घेतील, निदान एखादा टोमणा मारतील. मी सांगायला लागले, साक्षीचं, शिडीचं, मी काय बोलले आणि काय बोलायला हवं होतं. त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "तू जे पाहिलंस तेच सांगितलंस. वाऱ्याचं तर मीच म्हटलं होतं. तीस वर्षं म्हणत आले, तोंडातून निघून गेलं. त्या पोरीने लिहून घेतलं यात तिचा काय दोष?"

"आता अपील—"

"केलं. नाही म्हणाले." त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. "बस. कॉफी टाकते."

मी सोफ्यावर बसले. खूप खोल सोफा. त्या आतून काहीबाही विचारत होत्या. मिर्ता आता काय काय बोलते, ते दोघं अजून एकमेकांना चावतात का. मी सांगितलं की ती आता 'वर' बरोबर 'मावशी' असंही म्हणते. आतून हसण्याचा आवाज आला. मग कपांचा आवाज आला, म्हणून मदतीला उठायला गेले. आधी पुढे सरकले. मग दोन्ही हात मांड्यांवर. मग सोफ्याच्या हाताला धरून एका अंगावर, श्वास रोखून, हळूहळू. सवयच झाली आहे अशी. वर पाहिलं तर ब्लाझेन्कामावशी दारात उभ्या होत्या, हातात कॉफीचं भांडं. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

"कुठला पाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणणार होते की बसमध्ये, की गादी, की कुंड्या.

"डावा," मी म्हटलं.

"पोटरीपर्यंत?"

"अंगठ्यापर्यंत."

डॉक्टरकडे जा म्हणाल्या नाहीत, कुणाला सांगू नकोस असंही म्हणाल्या नाहीत. कॉफी घेऊन त्या भिंतीशी असलेल्या छातीएवढ्या कपाटाकडे गेल्या. त्याच्यावर दोन कपांपुरती जागा केली आणि स्वतः एका बाजूला सरकल्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "इथे उंची बरी आहे. टेकता येतं."

आम्ही दोघी कपाटावर कोपरं टेकवून उभ्या राहिलो आणि कॉफी प्यायलो. सोमवारपासून आमच्या वर्गात नवीन दोन मुलं येणार आहेत.